होकाराचा विडा

एका राज्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना दगडी वस्तू उभ्या होत्या. दगडी चाक, दगडी माग, दगडी पाणचक्की, शिडासकट दगडी होडी. त्या कोणा शिल्पकाराने घडवल्या नव्हत्या. कधीकाळी त्या लाकडाच्या, सुताच्या, लोखंडाच्या होत्या. कोणीतरी उमेदीने नवे काम काढले होते, आणि पहिल्याच सूर्यास्ताला त्या कामाचा दगड झाला होता. लोकांना आता त्याचे काही वाटत नसे. दगडी मागावर बायका पापड वाळत घालीत. दगडी होडीत साचलेले पाणी म्हशी पीत.

राज्याचे ज्येष्ठमंडळ सांगे, "फार पूर्वी एका मांत्रिकाने शाप दिला. इथे नवे काम टिकायचे नाही." तो शाप कामावरच थांबत नसे. काम काढणाऱ्याचा पहिल्या वेळी हात दगड होई, दुसऱ्या वेळी पाय, तिसऱ्या वेळी अख्खा माणूस. म्हणून बहुतेक माणसे एकदाच धडपडत, आणि पुढे जन्मभर एक हात शालीत ठेवून इतरांना उपदेश करीत.

त्या राज्याला चारी बाजूंनी दरी होती. दरीत धुके होते, आणि तिच्यावर पूल नव्हता.

रेवंती त्याच राज्यातल्या विद्यालयात शिकली. दरीपलीकडच्या देशांचे डोंगर, नद्या, बाजारपेठा तिच्याकडून घोकून घेतल्या गेल्या. एकदा तिने विचारले, "गुरुजी, तिकडे जायचं कसं?" गुरुजींनी तिला वर्गाबाहेर उभे केले. बाहेर उभ्या उभ्याच तिने पायाच्या अंगठ्याने मातीत पहिला आराखडा काढला: वर कापडाचा घुमट, खाली वेताची टोपली, मधे आग. हवेतून चालणारी नाव.

विद्यालय संपले त्याच दिवशी ती राजसभेत उभी राहिली.

"महाराज, मला नवं काम काढायचं आहे. माणसं आणि माल दरीपार नेणारी नाव बांधायची आहे."

प्रधान गंभीरदेवांनी डाव्या हातावरची शाल सारखी केली. "पोरी, तुझ्या वयात असं वाटतंच. लग्न झालं की वाटेनासं होतं."

"प्रधानजी, भर उन्हाळ्यात आपला हात शालीत कशाला? एकदा काढून दाखवा सभेला."

सभेत पंखा वारणारे सेवकही थांबले. पण महाराज स्थिरसेन हसले. त्यांच्या कारकिर्दीत काहीच घडले नव्हते, आणि त्यांना फार कंटाळा आला होता.

"एकट्याला विडा मिळत नाही, मुली," महाराज म्हणाले. "तीन सोबती आण. एक वारा जाणणारा, एक आग जाणणारा, एक कापड जाणणारा. मग विडा मांडू."

"सोबत्यांची काळजी नको," गंभीरदेव लगेच म्हणाले. "माझा भाचा मधुकेतू घरीच आहे."

"माझे जावईही रिकामेच आहेत," दुसरे ज्येष्ठ म्हणाले.

"काय येतं त्यांना?"

"घराणं चांगलं आहे."

"नाव घराण्यावर तरंगत नाही," रेवंती म्हणाली. "माझी माणसं मी शोधीन." आणि महाराजांनी जा म्हणण्याआधीच ती निघाली.

विड्याचा रिवाज त्या राज्यात असा होता. तबकात विडा ठेवीत, काम काढणारा तो उचली, आणि महाराज सोबत्यांना तीनदा विचारीत, "हे काम होणार?" सोबत्यांनी तीनदा "होय" म्हणायचे. विडा उचलल्यावर "नाही" म्हणणे हा मोठा अपशकुन. तसे म्हणणाऱ्याला दरीच्या काठावर नेऊन सोडीत. म्हणून सोबती निवडताना सगळे जण एकच गोष्ट पाहत: होय म्हणताना माणसाचा आवाज कापत तर नाही?

रेवंती आधी उत्तरेच्या कड्यावर गेली. तिथे वाळलेल्या झाडावर घनकंठ नावाचा धनेश पक्षी राहत होता. त्याची चोच कोयत्याएवढी होती आणि बोलणे तुटक होते.

"डोळे मीट," तो म्हणाला. "वारा कुठून येतो?"

"डावीकडून."

"आता?"

"खालून. दरीतून."

"आता?"

रेवंती बराच वेळ उभी राहिली. "आता वारा नाहीच."

"लोक तिसऱ्या वेळीही काहीतरी ठोकून देतात," घनकंठ म्हणाला. "मला काय देशील?"

"सुकाणू. आणि कमाईच्या चार हिश्शांतला एक."

"वाटेत पिकलेला वड दिसला तर?"

"थांबू."

"येतो," घनकंठ म्हणाला.

मग ती राजवाड्याच्या न्हाणीघरात गेली. तिथे अंगारक नावाचा तरुण होता. त्याच्या तळहातावर आग राहत असे. डोंगर वितळेल अशी आग होती ती, पण ज्येष्ठमंडळाने त्याला महाराजांचे अंघोळीचे पाणी तापवायला बसवले होते.

"अंगारका, माझ्याबरोबर येतोस?"

"होय, बाईसाहेब."

"अरे, काम अजून सांगितलंच नाही मी."

"तरी होय."

रेवंतीला तो फार आवडला. जन्मभर तिने नन्नाच ऐकला होता. त्या होकाराची गोडी तिच्या जिभेवर पार दरीकाठापर्यंत टिकली.

दरीकाठाला ताम्रा राहत होती. ती रेवंतीच्याच वयाची होती. पहाटेचे धुके ती चातीवर कातत असे आणि दिवसभर मागावर विणत असे. तिचे कापड वाळलेल्या पानापेक्षा हलके होते, आणि ते फाटत नसे. रेवंतीने तिच्यासमोर आराखडा पसरला. ताम्राने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"ही टोपली एका दोराला लटकवलीस. वारा लागला की गरगर फिरेल. चार कोपऱ्यांना चार दोर हवेत."

"दोर एकच राहील. त्याच्याशी मी उभी राहणार. नाव माझी आहे."

"तू कुठे उभी राहणार ते टोपलीला ठाऊक नसतं गं."

रेवंतीचे कान तापले. "मला कापड हवंय, मत नको. नाही म्हणणाऱ्यांनी ज्येष्ठमंडळ भरलंय. आणखी एक कशाला?"

"ते तुला थांबवायला नाही म्हणतात. मी टोपलीबद्दल म्हणते." ताम्राने कापडाचा गठ्ठा उचलून तिच्या खांद्यावर ठेवला. "कापड ने. एका दोराच्या नावेत मी बसणार नाही."

तणतणतच रेवंती परतली, आणि त्याच रागात तिने मधुकेतूला तिसरा सोबती करून टाकले. मधुकेतूला कापडाची पारख होती ती अंगावर घालण्यापुरती. पण त्याचे "होय" घंटेसारखे खणखणीत होते.

नाव बांधून झाली. सभेसमोरच्या पटांगणात ती उभी राहिली. रेवंतीने विडा उचलला.

"हे काम होणार?" महाराजांनी विचारले.

"होय," तिघे म्हणाले. पुन्हा विचारले, पुन्हा होय. तिसऱ्यांदा विचारले, तिसऱ्यांदा होय. ज्येष्ठमंडळाने माना डोलावल्या. सूर्य डोंगराआड गेला. टोपलीचा वेत करकरला, कापडाचा घुमट जिथल्या तिथे थिजला, आणि पटांगणात एक दगडी नाव उभी होती. रेवंतीचा डावा हात दोरावर होता. तो कोपरापर्यंत दगड झाला.

गंभीरदेव पुढे आले. "शाल पाठवून देतो," ते म्हणाले.

"माझ्याजवळ आहेत शाली," रेवंती म्हणाली. "अंथरायला वापरते."

लोक पांगल्यावर ती सोबत्यांपुढे बसली. "कुठे चुकलं?"

"टोपली फिरली असती," घनकंठ म्हणाला. "मला माहीत होतं."

"कापडाजवळ आग फार मोठी होती," अंगारक मान खाली घालून म्हणाला. "मलाही माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"विडा उचलला होता ना, बाईसाहेब."

घनकंठाने चोच दगडी टोपलीच्या काठावर घासली. "शाप माझ्या आईने आपल्या कानांनी ऐकला. मंडळ सांगतं ते त्याचं शेपूट आहे. मांत्रिकाने राजाच्या पुलाला नाही म्हटलं होतं. पाया कच्चा आहे, म्हणाला. त्याला दरीकाठी हाकललं, आणि पूल माणसांसकट कोसळला. तेव्हा तो म्हणाला, जिथे विडा उचलल्यावर नाही म्हणणारा माणूस उरत नाही, तिथल्या नव्या कामाचा सूर्यास्ताला दगड होईल."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"तू वारा विचारलास. शाप विचारला नाहीस."

रेवंतीने कपाळाला उजवा हात लावला. मग तिचे डोळे चमकले. उपाय तर अगदी सोपा होता! उरलेल्या कापडातून तिने दुसरी नाव बांधली, अगदी पहिलीसारखी, आणि अंगारकाला बाजूला घेतले.

"या वेळी तू नाही म्हण. मोठ्याने म्हण."

"होय, बाईसाहेब. कितव्या वेळी म्हणू?"

"दुसऱ्या."

विडा उचलला गेला. महाराजांनी दुसऱ्यांदा विचारले तेव्हा अंगारक "नाही" म्हणाला, आणि बरोबर म्हटले ना, हे पाहायला रेवंतीकडे वळला. सभा थरारली. शिपाई पुढे झाले, पण पाणी तापवायला दुसरा कोणी नव्हता, म्हणून महाराजांनी त्यांना थांबवले. मधुकेतूने तर डोळे झाकून घेतले. पण शापाला नाटक कळत होते. सूर्य बुडाला, आणि नाव दगड झाली. रेवंतीचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले. मधुकेतू त्याच पावली मामाच्या घरी गेला, आणि पुढे कित्येक दिवस त्याला ताप असल्याचे निरोप येत राहिले.

आता एकच विडा उरला होता. तो हुकला तर रस्त्याच्या कडेला रेवंती नावाचा दगड उभा राहणार होता, आणि त्यावर कोणीतरी पापड वाळत घालणार होते.

सकाळी अंगारकाने हातगाडी आणली, रेवंतीला तिच्यात बसवले आणि दरीकाठाकडे ढकलत नेले. रस्ता खडबडीत होता. वाटेत म्हातारे ओट्यांवरून बघत होते, आणि रेवंती प्रत्येकाकडे डोळे वटारून बघत होती.

ताम्रा मागावरून उठली नाही.

"टोपलीचं तुझं बरोबर होतं," रेवंती गाडीतूनच म्हणाली.

"माहीत आहे."

"येतेस?"

"विड्याच्या वेळी मी काय म्हणायचं ते पढवणार आहेस?"

"नाही. तुला दिसेल ते म्हण."

"आणि ते तुला झोंबलं तर?"

"झोंबेलच. मी आदळआपट करीन. तरी म्हण."

"मी कोणाच्या हाताखाली काम करत नाही."

"चार दोर, चार कोपरे. मधे कोणी नाही."

ताम्राने धोटा खाली ठेवला. "गाडी आत घे," ती अंगारकाला म्हणाली. "उन्हात बसवलंयस तिला."

तिसरी नाव सोपी गेली नाही. पहिल्या दोन नावा मुकाट्याने झाल्या होत्या. ही भांडत भांडत झाली. घनकंठाला सुकाणू मागे हवे होते, ताम्राला बाजूला. रेवंतीने दोनदा आराखडा चुरगाळून फेकला आणि दोनदा अंगारकाने तो उचलून सरळ केला. ताम्राने त्याला विचारले, "या विणीला आच किती?"

"म्हणाल तितकी, ताई."

"मी म्हणणार नाही. आग तुझी आहे. सांग."

अंगारकाला घाम फुटला. आगीजवळ जन्म काढलेल्या माणसाला पहिल्यांदाच घाम फुटला. "मंद," तो शेवटी म्हणाला. "मोठी आग नको. मंद, आणि खालून सारखी." त्यानंतर दिवसभर तो काम करताना गुणगुणत होता.

सावरीला फुले आली तेव्हा नाव तयार झाली. सारे राज्य पटांगणात लोटले. सूर्य डोंगराच्या माथ्यावर टेकला होता. हातगाडीतून उतरवून रेवंतीला टोपलीच्या कोपऱ्यात उभे केले गेले. तिने विडा उचलला.

तेव्हा महाराज स्थिरसेन सिंहासनावरून उठले. सेवकांनी पूर्वजांचा सोन्याचा कलश आणला. तो शापित होता. त्याला हात लावलेल्या माणसाला ज्येष्ठांचा शब्द मोडता येत नसे. पण लोक त्याला मानाचा समजत, आणि तो आपल्या कामावर बसावा म्हणून नवस करीत.

"रेवंती," महाराज म्हणाले, "तुझी जिद्द पाहून मी प्रसन्न आहे. हा कलश नावेच्या मधोमध बसेल. प्रधान त्याच्यासोबत बसतील. आता ही नाव राज्याची झाली."

रेवंतीचा ऊर भरून आला. ज्या सभेने तिला हसण्यावारी नेले, ती सभा आज उभी होती. तिला वाटले, एक कलशच तर आहे. आत्ता होय म्हणावे, दरी ओलांडावी, पुढचे पुढे पाहता येईल. तिचा चांगला हात कलशाकडे गेला.

"हे काम होणार?" महाराजांनी विचारले.

"नाही," ताम्रा म्हणाली.

कोणाच्या तरी हातातले तबक खणकन पडले. "दरीवर न्या तिला!" ज्येष्ठमंडळ ओरडले. शिपाई धावले.

गंभीरदेव टोपलीजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "रेवंती, हिला काढून टाक. सूर्य टेकला आहे. तू हिला काढ, आम्ही सगळे मिळून होय म्हणतो. सगळं मंडळ म्हणतं."

रेवंतीच्या डोळ्यांत रागाने पाणी आले. त्या क्षणी ताम्रा तिला साऱ्या ज्येष्ठांहून, साऱ्या गुरुजींहून नकोशी झाली. आजच? आत्ताच? सगळ्यांसमोर? तिने तोंड उघडले. पण बाहेर आला तो शब्द वेगळाच होता. तो तिला या सभेत कधी कोणी विचारला नव्हता.

"का?"

"चौघांचं वजन धरून मी हे कापड विणलंय," ताम्रा म्हणाली. "तुझे दगडी पायसुद्धा धरलेत. कलश बसला तर आपल्यातलं कोणीतरी उतरायला हवं. कोण उतरणार ते सांग."

रेवंतीने चारी कोपऱ्यांकडे पाहिले. एका कोपऱ्यात पंख मिटून घनकंठ. एकात तळहातावर आग धरलेला अंगारक. एकात दंडाला शिपाई झोंबलेले असताना दोर न सोडणारी ताम्रा. एकात ती स्वतः.

"हे काम होणार?" महाराजांनी कडक आवाजात पुन्हा विचारले.

"कलशासकट नाही, महाराज," अंगारक म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नाही. म्हणून त्याने तेच पुन्हा मोठ्याने सांगितले. "आणि उद्यापासून पाणी तापवायला दुसरा कोणी बघा."

"मीही नाही," घनकंठ म्हणाला.

रेवंतीने कलशाकडे गेलेला हात मागे घेतला. तिच्या बोटांत आणि सोन्यात केसाएवढे अंतर राहिले होते.

"महाराज, कलश नको. प्रधानही नकोत. नाव आमची आहे, चौघांची."

"मग माझी परवानगीही नाही."

"नसू दे!" रेवंती म्हणाली, आणि तिचा आवाज पटांगणाच्या पार टोकाला पोचला. "परवानगी घेऊन घेऊन या राज्याचा दगड झाला. मी दगड झाले तर माझ्या कामाने होईन, आपल्या होकाराने नाही. अंगारका, आच धर. ताम्रा, जमिनीच्या खुंटीचा दोर सोड."

शिपायांनी महाराजांकडे पाहिले. महाराजांनी डोंगराकडे पाहिले. सूर्य बुडाला.

साऱ्यांच्या नजरा कापडाच्या घुमटावर होत्या. घुमट हलला. मग फुगला. मग त्यावर वाऱ्याची एक सुरकुती धावत गेली, जशी फक्त कापडावर धावते. रेवंतीच्या डाव्या तळपायाला खाज सुटली. खाजवायला तिने पाय उचलला, आणि तो उचलला गेला.

मग रस्ताभर गडबड उडाली. दगडी माग लाकडाचा झाला आणि त्यावरचे पापड खाली सांडले. पाणचक्की कुरकुरत फिरली. होडी हलकी होऊन कलंडली, तशा म्हशी रेकत पळाल्या. जिथे कुठे माणूस दगड होऊन उभा होता, तिथून जांभई ऐकू आली. ज्येष्ठमंडळात एकेक शाल गळून पडू लागली. गंभीरदेव आपला डावा हात डोळ्यांसमोर धरून बोटे उघडत होते, मिटत होते. फार वर्षांनी ते काही न सांगता उभे होते.

"माझ्यासाठी जागा आहे का?" त्यांनी शेवटी विचारले.

"आज नाही," ताम्रा म्हणाली. "उद्या या. आधी वजन करू."

नाव वर उठली. ती धुक्यावरून गेली, पलीकडे उतरली, आणि दुसऱ्या दिवशी दोन कुंभार व एक वैद्यीण घेऊन परत आली. वाटेत पिकलेला वड लागला, म्हणून यायला अंमळ उशीर झाला. त्यावरून चौघांचे जे भांडण झाले ते खाली शेतांपर्यंत ऐकू येत होते.

राज्यात नवी कामे निघू लागली. काही चालली, काही बुडाली, पण दगड कशाचाच झाला नाही. शापित कलश वितळवून नगारखान्यासाठी घंटा केली. विड्याचे तबक अजून मांडतात. मात्र आता महाराज तीनदा विचारून झाल्यावर गप्प बसून वाट पाहतात.

पुढे एकदा महाराज स्थिरसेनांनी रेवंतीला सभेत बोलावले. "दुसरी नाव बांध," ते म्हणाले. "पहिलीहून मोठी. तिच्यावर माझे चित्र काढ."

"नाही, महाराज," रेवंती म्हणाली.

पंखा वारणारे सेवक थांबले नाहीत. कोणाच्या हातून काही पडले नाही. महाराजांच्या कपाळाला आठी पडली, आणि हळूहळू गेली. ते सिंहासनावर जरा पुढे सरकले.

"का?" त्यांनी विचारले.

ज्याला ही कथा पटली त्याने ती पुढे सांगावी. ज्याला पटली नाही त्याने तसे तोंडावर म्हणावे. इथे कोणाचा दगड होत नाही.